बटाट्याला महाल, भेंडीला ऊन

मागच्या माघातली गोष्ट. सकाळी खंडेराव मार्केटला गेले होते. थंडीच्या दिवसांत बडोद्यात भाजी कशी उतू जाते ते तुम्हाला सांगायला नको. मेथी दहाला तीन जुड्या चालली होती. मी घासाघीस करून चार घेतल्या आणि घरी येऊन ह्यांना कौतुकानं सांगितलंसुद्धा. त्याच दिवशी संध्याकाळी त्या बाजूला पुन्हा काम निघालं. बघते तर सकाळी जिच्याकडून मेथी घेतली ती बाई उरलेल्या जुड्या रस्त्याकडेच्या गाईंपुढे टाकत होती. एकदोन नव्हे, दोन पोती भरून.

मी म्हटलं, "बेन, परत का नाही नेत?"

ती हसली. म्हणाली, "टेम्पोचं भाडं कोण देणार? आणि नेऊन करू काय? उद्या सकाळपर्यंत पिवळी पडेल. सकाळी तुम्ही चौथी जुडी मागितलीत ना, तेव्हा मी काय विचार केला माहीत आहे? म्हटलं, संध्याकाळी गाईलाच घालायची, त्यापेक्षा ह्यांना दिलेली बरी."

चौथ्या जुडीचं माझं कौतुक तिथेच संपलं.

पुढच्या आठवड्यात आमच्या मंडळात हे सांगितलं. एक वयस्कर भगिनी लगेच म्हणाल्या, "असू दे, गाईंच्या मुखी तर लागली. तेवढीच जीवदया झाली." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही गप्प बसले. त्या गप्प बसण्याचं मला अजून वाईट वाटतं, म्हणून आज हे लिहायला घेतलं आहे. बायांनो, ती जीवदया नव्हती. एका बाईची मेहनत, तिच्या विहिरीचं पाणी, तिच्या मुलांची फी आपण गाईच्या नावानं पुण्यात जमा करून टाकली.

आमच्या मंडळातल्या बऱ्याच जणींना वाटतं, जैन म्हणजे पेढी आणि दुकान. मी लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा "तुमचे पप्पा काय करतात?" असं विचारलं की मी सांगायची, "शेती." त्यावर थोडा वेळ कुणी काही बोलायचंच नाही. पण आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे हजारो जैन घरं शेतीवर जगतात. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं. बाबा वांगी, दोडका, कोबी करायचे. पहाटे करंड्या गाडीत भरून बाजारात जायचे आणि दुपारी पट्टी घेऊन यायचे. पट्टी म्हणजे अडत्यानं दिलेला हिशेबाचा कागद. मालाची रक्कम वर, खाली हमाली, तोलाई, भाडं, अडत वजा. एकदा त्या कागदात खाली उणे आकडा आला. म्हणजे वांगी विकून वर बाबांनीच अडत्याला पैसे द्यायचे! आमच्याकडे याला 'उलटी पट्टी' म्हणतात. मी तेव्हा आठवीत होते. आई काही बोलली नाही, फक्त त्या दिवशी कुणाला वांग्याची भाजी वाढली नाही.

म्हणून सांगते, मेथी गाईपुढे टाकणारी बाई मला परकी नाही.

आपल्या शास्त्रात गृहस्थाच्या हातून होणाऱ्या हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. शेतकऱ्याच्या नांगराखाली जे होतं ते उद्योगी. पोटासाठी कष्ट करणाऱ्या श्रावकाला ते पूर्ण टाळता येत नाही, हे आपल्या आचार्यांनीही मान्य केलं आहे. पण 'अनर्थदंड' नावाचीही एक गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. कारणाशिवाय केलेलं पाप. विनाकारण पाणी सांडणं, विनाकारण पानं तोडणं. मग मला सांगा, रान नांगरलं, पाणी दिलं, औषध मारलं, लाखो जीव गेले आणि शेवटी ती भाजी कुणाच्या पोटात न जाता उकिरड्यावर गेली, तर यापेक्षा मोठा अनर्थदंड कुठला? आपण चातुर्मासात हिरवी भाजी सोडतो, अष्टमी-चतुर्दशीला पानं मोजतो. आणि गाडीभर पानं सडतात तेव्हा म्हणतो, बाजाराचा नियम आहे.

लुधियानाला 'सिफेट' नावाची सरकारी संशोधन संस्था आहे. कापणीनंतर शेतमालाचं किती नुकसान होतं ते तिनं मोजलं. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फळं आणि भाज्यांचं नुकसान पिकाप्रमाणे ४.५८ ते १५.८८ टक्के निघालं. टोमॅटोचं १२.४४ टक्के. म्हणजे आठ टोमॅटोंमागे एक. हे फक्त नासण्याचं झालं. नासेल या भीतीनं मातीमोल भावात विकावं लागतं, ते वेगळंच. रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये हिशेब मांडला की टोमॅटोसाठी आपण दिलेल्या रुपयातले शेतकऱ्याच्या हाती सुमारे ३३ पैसे पडतात. टोमॅटो थांबत नाही म्हणून शेतकऱ्याला थांबता येत नाही. ज्याला थांबता येत नाही, त्याचा भाव समोरचा ठरवतो. मुलीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सोनं विकायला गेलेल्या बापासारखं आहे हे.

आता कुणी म्हणेल, एवढी कोल्ड स्टोरेजं आहेत की देशात. आहेत ना! केंद्र सरकारच्या शीतसाखळी केंद्रासाठी २०१५ मध्ये देशभराची पाहणी झाली. तिचे आकडे बघा. शीतगृहांची गरज साडेतीन कोटी टनांची, उभी होती जवळजवळ ३.१८ कोटी टनांची. म्हणजे फार कमी नाहीत. पण शेताजवळ माल निवडून, गार करून, भरून पाठवायची जी छोटी जागा लागते, ज्याला पॅकहाउस म्हणतात, ती हवी होती ७० हजारांच्या वर. होती किती? २४९. आकडा चुकला नाही, दोनशे एकोणपन्नास. माल गार ठेवून नेणाऱ्या गाड्या ६२ हजार हव्या होत्या, होत्या दहा हजारांच्याही आत.

आणि त्या ३.१८ कोटी टनांच्या महालात राहतं कोण? सुमारे तीन चतुर्थांश जागा बटाट्यासाठी! आपल्या गुजरातचंच बघा. बनासकांठ्यात डीसाच्या बाजूला जा, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोठमोठी शीतगृहं दिसतील. सगळा बटाटा. म्हणजे जे आपण ताटात घेत नाही त्याला महाल, आणि भेंडी, गिलकी, परवर, मेथी, जी आपण रोज खातो, तिला ताडपत्री. बटाट्यावर माझा राग नाही. बटाट्याच्या शेतकऱ्याला सोय मिळाली, चांगलं झालं. पण त्या महालाचा एक कोपरा भेंडीला देऊन भागत नाही, हे समजून घ्यायला हवं.

त्यासाठी कुठल्या तज्ज्ञाकडे जायला नको. आपला फ्रिज उघडा. केळं आत ठेवलं की काळं पडतं. भेंडी फार गार झाली की तिच्यावर काळे ठिपके येतात. काकडी आणि वांगं फार गारठलं की पाणचट होतं. कोथिंबीर मात्र जितकी गार तितकी टवटवीत, ओल्या फडक्यात गुंडाळली तर आठवडाभर. पिकलेल्या टोमॅटोशेजारी पालक ठेवला की पालक पिवळा पडतो. बटाट्याचं शीतगृह चालतं २ ते ४ अंशांवर आणि महिनोन्‌महिने. भेंडीला हवेत ८-१० अंश, तेही दोन-चार दिवस. तोडलेली भाजी श्वास घेत असते. शेतातली उष्णता तिच्या अंगात जितका वेळ राहील तितकी ती लवकर म्हातारी होते. तेव्हा तिला हवी आहे बांधाजवळची छोटी गार खोली, जिथे पहाटे तोडलेला माल लगेच जाईल. शंभर किलोमीटरवरचा महाल तिच्या उपयोगाचा नाही.

मग अशी खोली उभी करायला पैसे मिळत नाहीत का? योजना आहेत. मी त्या वाचल्या, चष्मा लावून, दोन दुपारी खर्च करून. फलोत्पादन अभियानाच्या २०१४ च्या नियमांत ३० टनांच्या गार खोलीचा खर्च १५ लाख धरला होता आणि त्यावर सपाट प्रदेशात ३५ टक्के अनुदान. छोट्या पॅकहाउसला ४ लाख खर्च, त्याचं निम्मं अनुदान. नंतर दर वाढले, पण घडी तीच राहिली. २०२० मध्ये कृषी पायाभूत सुविधा निधी आला, एक लाख कोटींचा. २ कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूट, सात वर्षांपर्यंत, आणि कर्जाला सरकारी हमी. शेतकरी, बचत गट, सहकारी संस्था, शेतकरी उत्पादक कंपन्या सगळ्यांना दार उघडं, असं लिहिलं आहे. त्याच वर्षी दहा हजार उत्पादक कंपन्यांची योजना आली. सपाट प्रदेशात किमान ३०० सभासद जमवा, सभासदामागे २००० रुपयांपर्यंत सरकार आपलं भांडवल घालेल, एका कंपनीला जास्तीत जास्त १५ लाख.

कागदावर वाचलं तर वाटतं, मेथीवालीनं उद्याच अर्ज करावा.

आता हिशेब मांडू या, आपण किराणाचा मांडतो तसा. खोली १५ लाखांची. अनुदान ३५ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. पण ते अनुदान आधी मिळत नाही. आधी बँकेचं कर्ज घ्या, खोली बांधा, अधिकारी येऊन पाहून जातील, मग अनुदान तुमच्या कर्जखात्याच्या बाजूला जमा होईल. तोपर्यंत सगळं तुमच्या अंगावर. बँक म्हणते, चौथा हिस्सा तुमचा दाखवा. म्हणजे पावणेचार लाख रोख. साठ कुटुंबांनी वाटून घेतले तरी घरटी सव्वासहा हजार. ज्या घरात उलटी पट्टी येते त्या घरात सव्वासहा हजार कुठल्या डब्यात असतात, सांगा बरं.

तरी पादऱ्याकडच्या काही बायकांबरोबर मी एका बँकेत गेले. नाव घेत नाही, कारण हे सगळीकडेच असंच चालतं. साहेब सभ्य होते, चहा विचारला. पहिला प्रश्न आला, "सात-बारा कुणाच्या नावावर?" नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, एकीचा तर अजून आजेसासऱ्याच्या. देशात शेती कसणाऱ्या खात्यांपैकी बाईच्या नावावर जेमतेम १४ टक्के आहेत, २०१५-१६ च्या कृषी गणनेतला हा आकडा. दुसरा प्रश्न, "प्रकल्प अहवाल?" तो काय असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिसरा, "जागा बिनशेती केली का?" चौथा, "तीन वर्षांचा ताळेबंद?" शेवटी साहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "बेन, खरं सांगू? पंधरा लाखांच्या फाइलला जेवढा वेळ लागतो तेवढाच पाच कोटींच्या फाइलला लागतो. मग मी कुठली करू?"

मला त्या माणसाचा राग आला नाही. त्यानं खरं सांगितलं. राग आला तो घरी आल्यावर, पाणी प्यायला फ्रिज उघडला तेव्हा. हा फ्रिज मी दुकानात उभ्या उभ्या, वीस मिनिटांत, हप्त्यांवर घेतला होता. कुणी माझा सात-बारा मागितला नाही. प्रकल्प अहवाल मागितला नाही. खाणाऱ्या बाईला चार दिवसांची भाजी गार ठेवायला वीस मिनिटांत पैसे मिळतात. पिकवणाऱ्या बाईला दोन दिवस गार ठेवायला जन्म पुरत नाही.

आणि हे काही अशक्य आहे म्हणून होत नाही, असंही नाही. इथेच चाळीस किलोमीटरवर आणंद आहे. खेडा जिल्ह्याचा दूध संघ १९४६ चा, आपली बडोदा डेअरी १९५७ ची. दूध तर भाजीपेक्षा नाजूक, चार तासांत फाटतं. पण दोन म्हशी असलेली बाई सकाळ-संध्याकाळ बरणी घेऊन गावच्या मंडळीत जाते, दूध घालते आणि ते तिथल्या तिथे गार होतं. गार करणारं यंत्र घ्यायला त्या बाईला कुणी कर्ज काढायला लावलं का? तिचा सात-बारा तपासला का? नाही. यंत्र संस्थेचं, जोखीम संस्थेची. आणि हे उभं करायला आधी कुणीतरी पैसा घातला. १९७० मध्ये 'ऑपरेशन फ्लड' सुरू झालं, तेव्हा युरोपातून दान आलेली दूधभुकटी आणि लोणीतेल विकून भांडवल उभारलं गेलं. दान वाटून संपवलं नाही, त्यातून डेअऱ्या उभ्या केल्या. म्हणून आज आपल्या दारात पहाटे पिशवी पडते.

माझ्या माहेरच्या बाजूलाही तसंच. १९९१ मध्ये महाराष्ट्रात द्राक्षवाल्यांनी 'महाग्रेप्स' उभी केली. सहकारी संस्था, त्यांची स्वतःची द्राक्षं गार करायची सोय, पाठीशी पणन मंडळ आणि राष्ट्रीय सहकार विकास निगम. तासगावचा बेदाणा शीतगृहात ठेवला की त्याच्या पावतीवर कर्ज मिळतं. भाव पडला तर शेतकरी पावती तारण ठेवून घर चालवतो आणि बेदाणा थांबतो. उसाला कारखाना, दुधाला डेअरी, द्राक्षाला महाग्रेप्स. परवरवालीला कोण? तिच्याकडे अर्धा बिघा. ती मतांच्या हिशेबात येत नाही आणि कर्जाच्या हिशेबात तर नाहीच. देशातले ८६ टक्के शेतकरी लहान आणि सीमांत आहेत, आणि योजना लिहिल्या जातात त्या उरलेल्यांना झेपतील अशा.

माझं म्हणणं एवढंच आहे. भाजीच्या छोट्या शेतकऱ्याला गार खोलीसाठी एकट्यानं कर्ज काढायला लावणं बंद करा. खोली गटाची असू दे, पहिला पैसा आधी येऊ दे, आणि त्या पहिल्या पैशात आपण खाणाऱ्यांनी वाटा उचलावा.

यावर मंडळात ज्या शंका निघाल्या त्यांची उत्तरं देते.

एक म्हणाली, "शीतगृहातली भाजी म्हणजे बासी. आपल्याला चालत नाही." ताई, आज सकाळी तुम्ही जी 'ताजी' भेंडी घेतलीत, ती काल दुपारी उन्हात तोडलेली, रात्रभर पोत्यात कोंडलेली आणि टेम्पोत दुसऱ्या पोत्यांखाली दबलेली होती. पहाटे तोडून लगेच गार केलेली भेंडी तिच्यापेक्षा ताजी. मी सहा महिने साठवायचं बोलतच नाही. आणि बासीचा नियम लावायचाच तर आधी आपल्या फ्रिजच्या खालच्या खणापासून सुरुवात करू.

दुसरी म्हणाली, "मग शेतकरी साठेबाजी करेल, आपल्याला महाग पडेल." मेथीची साठेबाजी? दोन दिवसांची? माल थोडा थोडा बाजारात आला तर आज दहाला तीन आणि परवा चाळीसला एक हे झोके कमी होतील. चाळीसच्या दिवसांत आपण काय बोलतो ते आठवा.

तिसरी शंका खरी वजनदार आहे. "अशा खोल्या बांधून कुलूप लावून पडल्यात, त्याचं काय?" पडल्यात, कबूल. खोली बांधायला पैसा असतो, चालवायला नसतो. विजेचं बिल, कॉम्प्रेसर बिघडला तर माणूस, निम्मी खोली रिकामी राहिली तर होणारा तोटा, याचा विचार कुणी केलेला नसतो. उद्घाटनाची फीत कापली की सगळे घरी. म्हणून तर म्हणते, बांधकामाच्या पैशाबरोबर पहिल्या दोन वर्षांच्या खर्चाचाही पैसा हवा, आणि खोली भरेल इतकं ठरलेलं गिऱ्हाईक हवं. पुण्याच्या इकोझेन कंपनीनं पाच टनांची सूर्यावर चालणारी गार खोली केली आहे, ती विजेच्या बिलाला उत्तर होऊ शकते. आणि ज्यांना पंधरा लाखांचं नावही झेपत नाही, त्यांच्यासाठी दिल्लीच्या पुसा संस्थेनं फार पूर्वी विटांचा हौद काढला आहे. विटांच्या दोन भिंती, मध्ये वाळू, वाळूवर पाणी. बिनविजेचा. माठासारखं काम करतो, आपल्या आज्यांना कळेल. २०१४ च्या नियमांत शंभर किलोच्या अशा हौदाचा खर्च ४००० रुपये धरला होता, त्यातले निम्मे सरकारचे. चार हजार! आपल्या एका किटी पार्टीचं बिल किती होतं?

चौथीनं विचारलं, "मंदिराच्या ट्रस्टमधून देता येईल का?" नको. देवद्रव्याला हात लावायचा नाही. त्याचे धर्माचे नियम वेगळे, शिवाय ट्रस्टच्या कायद्याची बंधनं आहेत. मी आपल्या पर्समधल्या पैशांबद्दल बोलते आहे, आणि पैशांहूनही मोठ्या एका गोष्टीबद्दल.

ती गोष्ट म्हणजे फाइल. त्या बँकेत बायका अडल्या त्या मेहनतीत कमी पडल्या म्हणून नाही, कागदात कमी पडल्या म्हणून. आणि कागद तर आपल्या समाजाचं घरचं काम! दर दुसऱ्या घरात एक सी.ए. बसला आहे. आपले नवरे, दीर, मुलं, आणि आता सुनासुद्धा, कोट्यवधींच्या कंपन्यांचे प्रकल्प अहवाल करून देतात. त्यांनी वर्षाला एक, फक्त एक फाइल एका भाजीवाल्या गटासाठी फुकट करून द्यावी. ताळेबंद मांडावा, अर्ज भरावा, बँकेत शेजारी बसावं. साहेबांचा पंधरा लाखांच्या फाइलचा वेळ वाचला तर त्यांनाही 'नाही' म्हणायला कारण उरणार नाही. दशलक्षण पर्वात उत्तम त्यागाच्या दिवशी आपण चार दानं ऐकतो, त्यात ज्ञानदान आहे. हेही ज्ञानदानच.

दुसरं, तो चौथा हिस्सा. आपल्या मंडळात भिशी चालते. भिशीचं एक वर्ष एका गटाच्या पावणेचार लाखांसाठी बाजूला काढू. हे दान असेल, पण गाईला घातलेल्या मेथीसारखं नाही. ते पेरलेलं दान असेल. एका गटाची खोली चालली तर दुसऱ्या गटाला दाखवायला उदाहरण होईल.

तिसरं, गिऱ्हाईक. आपल्या तीन-चार सोसायट्यांनी त्या खोलीतून आठवड्याला ठरलेली भाजी, ठरलेल्या भावात, वर्षभर घ्यायची. माघात दहाला तीन मिळते म्हणून तेव्हा पळून जायचं नाही, आणि जूनमध्ये शंभर किलोचा भाव झाला तर त्यांनीही पळून जायचं नाही. बँकेला असं बांधलेलं गिऱ्हाईक फार आवडतं. आणि चौथी जुडी मागायची सवय आपण सोडायची. हे मी आधी स्वतःला सांगते आहे.

कुणाला वाटेल, घरातल्या बायकांनी एवढं कुठं करायचं? याच बडोद्यात १८८९ मध्ये विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाऊसाहेब कवठेकर नावाच्या मराठी गृहस्थांनी शेजारीपाजारी जमवून 'अन्योन्य सहायकारी मंडळी' काढली. सावकाराच्या दारात जायला लागू नये म्हणून एकमेकांनी एकमेकांना कर्ज द्यायचं. देशातली ती पहिली नागरी सहकारी पतसंस्था मानली जाते. सहकाराचा कायदा यायच्या पंधरा वर्षं आधीची! पुढे तिची बँक झाली आणि अखेर ती बँक बंदही पडली, हे मी लपवत नाही. संस्था माणसांनी चालतात आणि माणसांनीच बुडतात. पण शंभरावर वर्षं तिनं कितीतरी घरांना आधार दिला, आणि सुरुवात झाली ती चार ओळखीच्या घरांतून. त्यांच्याकडेही योजना नव्हती, अनुदान नव्हतं. 'अन्योन्य' हा शब्द मात्र होता. एकमेकांचं एकमेकांनी बघायचं.

पादऱ्याकडच्या त्या बायकांचा गट अजून आहे. चौदा जणी. मी पुन्हा गेले होते त्यांच्याकडे. त्यांनी आपापल्या अंगणात विटांचे दोन हौद बांधलेत, एकीच्या भावाकडून विटा आणून. सकाळची मेथी दुसऱ्या दिवशीही हिरवी राहते म्हणून त्या खूश होत्या. मोठ्या खोलीची फाइल मात्र अजून माझ्या घरी टेबलावर आहे. तिच्यात सात-बाऱ्याचे उतारे आहेत, सासऱ्यांच्या सह्या आहेत, एका बिनवापराच्या गोठ्याचा नकाशा आहे. ताळेबंदाचं पान कोरं आहे.

पुढच्या बैठकीला मी ती फाइल घेऊन येणार आहे. जिच्या घरात सी.ए. असेल तिनं त्याला बरोबर आणावं. चहा माझ्याकडे.